चाल, वेग आणि त्वरण: सूत्रं पाठ करण्याआधी

समृद्धी महामार्गावर एक कार जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे ताशी १२० किलोमीटरने सरळ चालली आहे. काटा जागचा हलत नाही. त्याच क्षणी जालन्याच्या बसस्थानकातून एक एसटी सुटते आहे. अजून तिनं ताशी १० किलोमीटरही गाठलेले नाहीत. दोघींपैकी त्वरण कुणाचं जास्त?

नववी-दहावीच्या वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हात कारसाठी वर होतात. उत्तर आहे एसटी. कारचं त्वरण शून्य आहे.

हे उत्तर ज्याला आतून पटलं, त्याला पुढचं यंत्रशास्त्र जड जात नाही. ज्याला पटलं नाही, तो सूत्रं पाठ करून नववी-दहावी निभावतो आणि अकरावीला लातूरच्या किंवा नांदेडच्या क्लासमध्ये पहिल्याच महिन्यात अडकतो. म्हणून या लेखात सूत्रं शेवटी येतील. आधी तीन प्रश्न नीट विचारायला शिकायचं: किती झपाट्यानं? कोणत्या दिशेनं? आणि त्यात बदल होतोय का? पहिल्याचं उत्तर चाल, पहिले दोन मिळून वेग, आणि तिसऱ्याचं उत्तर त्वरण. अकरावीला हीच नावं स्पीड, व्हेलॉसिटी आणि ॲक्सिलरेशन म्हणून भेटतील. वही-पेन घेऊन बसा, आकडे स्वतः मांडत चला.

पायरी १: कुठून मोजायचं ते ठरवा

गती म्हणजे जागा बदलणं, आणि जागा सांगायची तर कशापासून हे सांगावंच लागतं. एसटीत बसलेला माणूस शेजारच्याच्या दृष्टीनं जागचा हललेला नाही. रस्त्याकडेच्या लिंबाच्या झाडापासून मोजलं तर तो सेकंदाला १५ मीटर पुढे जातोय. दोन्ही विधानं खरी आहेत. गणित सोडवताना सुरुवातीलाच एक बिंदू निवडायचा, एक दिशा धन ठरवायची आणि शेवटपर्यंत ती बदलायची नाही. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे, पण ते टाळल्यामुळेच पुढे अधिक-उणेचे गोंधळ होतात.

आता अंतर आणि विस्थापन. समजा तुमचं सोयाबीनचं आयताकृती रान आहे, पूर्व-पश्चिम ४० मीटर आणि दक्षिण-उत्तर ३० मीटर. नैऋत्य कोपऱ्यात तुम्ही उभे आहात आणि विहीर ईशान्य कोपऱ्यात आहे. उभ्या पिकातून कुणी जात नाही, म्हणून तुम्ही धुऱ्यानं ४० मीटर पूर्वेला आणि मग ३० मीटर उत्तरेला चालत जाता. पाय चालले ७० मीटर. हे अंतर. पण जिथून निघालात तिथून जिथं पोचलात तिथपर्यंतची सरळ रेषा पायथागोरसच्या प्रमेयानं ५० मीटर भरते. ही ५० मीटर आणि तिची ईशान्येकडची दिशा, दोन्ही मिळून विस्थापन.

विहिरीवर मोटार चालू करून त्याच धुऱ्यानं परत आलात, तर अंतर १४० मीटर झालं आणि विस्थापन शून्य. अंतर वाढतच जातं, ते कधी कमी होत नाही. विस्थापन वाढतं, कमी होतं, शून्यही होतं. ज्या राशीला फक्त किंमत असते ती अदिश, किंमत आणि दिशा दोन्ही लागतात ती सदिश. अंतर अदिश, विस्थापन सदिश.

पायरी २: चाल

अंतराला लागलेल्या काळानं भागलं की चाल. धुऱ्यावरचे ७० मीटर चालायला ५० सेकंद लागले असतील तर चाल सेकंदाला १.४ मीटर. माणसाची नेहमीची चालण्याची चाल साधारण एवढीच असते.

एककाचं प्रकरण इथंच मिटवून टाका. रस्त्यावर आपण ताशी किलोमीटर बोलतो, भौतिकशास्त्रात मीटर प्रति सेकंद लागतं. एका किलोमीटरमध्ये १००० मीटर आणि एका तासात ३६०० सेकंद, म्हणून ताशी किलोमीटरच्या आकड्याला ५ नं गुणून १८ नं भागायचं. ताशी १८ म्हणजे सेकंदाला ५ मीटर, ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०, ९० म्हणजे २५, १०८ म्हणजे ३०. हे पाढ्यासारखं डोक्यात बसलं की परीक्षेत वेळ वाचतो, आणि रस्त्यावर चालताना ‘ताशी ९०’ ऐकलं की सेकंदाला २५ मीटर डोळ्यांपुढे येतात. वर्गखोलीची लांबी त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी असते.

सरासरी चाल आणि त्या क्षणाची चाल या दोन वेगळ्या गोष्टी. जालना ते संभाजीनगर रस्त्यानं सुमारे ६० किलोमीटर. एसटीला बदनापूर, करमाड असं थांबत दीड तास लागला तर सरासरी चाल ताशी ४० किलोमीटर. पण त्या दीड तासात काटा कधी ७० वर होता, कधी शून्यावर. काटा दाखवतो ती तात्कालिक चाल. जालन्याहून मुंबईला जाणारी वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली, तेव्हा सुमारे ४३५ किलोमीटरला जवळपास ७ तास धरलेले होते. म्हणजे सरासरी ताशी ६२ च्या आसपास. हीच गाडी ताशी १६० किलोमीटर धावू शकेल अशी बांधलेली आहे. दोन्ही आकडे खरे, फक्त प्रश्न वेगळे.

एक सापळा इथंच दाखवतो. याच ६० किलोमीटरच्या रस्त्यावर जाताना ताशी ६० नं गेलात, येताना ताशी ४० नं आलात. सरासरी किती? पटकन ५० म्हणाल. पण जायला १ तास, यायला दीड तास, एकूण १२० किलोमीटरला अडीच तास, सरासरी ४८. सावकाश प्रवासात जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकली. चालींची सरासरी काढायची नसते. एकूण अंतर भागिले एकूण काळ, दर वेळी.

पायरी ३: वेग

विस्थापनाला काळानं भागलं की वेग. रानातल्या उदाहरणात ५० मीटर भागिले ५० सेकंद, म्हणजे सेकंदाला १ मीटर, ईशान्येकडे. त्याच माणसाची, त्याच फेरीत, चाल १.४ आणि सरासरी वेग १. आणि मोटार चालू करून परत आल्यावर पूर्ण फेरीचा सरासरी वेग शून्य, कितीही घाम गाळला असला तरी.

रोजच्या बोलण्यात आपण चालीलाही वेगच म्हणतो. रस्त्यावरच्या पाटीवर ‘वेगमर्यादा ८०’ असतं, तिथं दिशेचा संबंध नसतो. शास्त्राच्या भाषेत ती चालीची मर्यादा. उत्तरपत्रिकेत मात्र ‘वेग’ लिहिलात की दिशा लिहायलाच हवी. ‘सेकंदाला २० मीटर’ ही चाल झाली, ‘सेकंदाला २० मीटर, पूर्वेकडे’ हा वेग.

दिशेला एवढं महत्त्व का, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ‘ताशी १० किलोमीटरचा वारा’ एवढ्यावर फवारणी करायची की नाही ते ठरत नाही. वारा तुमच्या रानातून शेजाऱ्याच्या पिकाकडे आहे की तुमच्या तोंडावर, हे कळलं तरच ठरतं. नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या नावातच तो कुठून येतो ते सांगितलेलं आहे.

सरळ रस्त्यावरच्या गणितात दिशा फक्त दोन, म्हणून अधिक आणि उणे या चिन्हांवर भागतं. संभाजीनगरकडची दिशा धन धरली, तर जालन्याकडे ताशी ५४ नं येणाऱ्या जीपचा वेग सेकंदाला उणे १५ मीटर. उणे म्हणजे कमी नव्हे. उणे १५ चा धक्काही अधिक १५ एवढाच बसतो.

पायरी ४: त्वरण, इथं घाई नको

वेगात झालेला बदल भागिले त्याला लागलेला काळ, म्हणजे त्वरण. व्याख्या एका ओळीची आहे, पण मनात बसायला सगळ्यात जास्त वेळ हीच घेते, कारण आपलं मन ‘जोरात’ आणि ‘वाढतंय’ या दोन गोष्टी एकत्र करून टाकतं.

पावसाळ्यात मराठवाड्यातलं प्रत्येक घर जायकवाडीच्या बातमीवर लक्ष ठेवून असतं. बातमीत दोन आकडे असतात: साठा किती टक्के, आणि आवक किती. धरण ९५ टक्के भरलेलं असून आवक शून्य असू शकते. धरण ५ टक्क्यांवर असताना वरून, नाशिक-नगरकडून, पाण्याचा लोंढा येत असू शकतो. साठा पाहून आवक सांगता येत नाही. वेग हा साठा, त्वरण ही आवक. महामार्गावरच्या कारकडे साठा भरपूर, आवक शून्य. सुटणाऱ्या एसटीकडे साठा नगण्य, आवक जोरात. दरवाजे उघडून येण्यापेक्षा जास्त पाणी सोडलं की साठा उतरतो, तसं वेगाच्या विरुद्ध दिशेचं त्वरण वेग उतरवतं.

आता आकडे. एक मोटारसायकल सिग्नलवरून सुटली आणि ५ सेकंदांत ताशी ३६ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला १० मीटरला पोचली. वेगातला बदल १०, काळ ५, त्वरण २. कशाचे २? सेकंदाला २ मीटर, तेही दर सेकंदाला. पुस्तकात हे ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ असं छापतात आणि मुलं त्या ‘वर्ग’ शब्दाला घाबरतात. त्यात वर्ग करण्यासारखं काही नाही. सेकंदागणिक वेग लिहून काढा: ०, २, ४, ६, ८, १०. प्रत्येक सेकंदाला २ ची भर. ‘सेकंद’ दोनदा येतो कारण एकदा तो वेगाच्या एककात आहे आणि दुसऱ्यांदा तो वेग किती काळात बदलला हे सांगतोय.

ब्रेक दाबल्यावर. ताशी ७२, म्हणजे सेकंदाला २० मीटरनं चाललेली जीप ४ सेकंदांत थांबली. बदल म्हणजे नंतरचा वेग वजा आधीचा: ० वजा २०, उणे २०. त्याला ४ नं भागून उणे ५. याला ऋण त्वरण किंवा मंदन म्हणतात. इथं एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेक गाइडं सोडून देतात: उणे चिन्ह म्हणजे गाडी मंदावतेय असं दर वेळी नसतं. वेग आणि त्वरण एकाच चिन्हाचे असतील तर चाल वाढते, वेगळ्या चिन्हांचे असतील तर घटते. जालन्याकडे, म्हणजे उणे दिशेनं, जाणारी जीप आणखी जोर धरते तेव्हा तिचा वेगही उणे आणि त्वरणही उणे, पण चाल वाढते आहे. म्हणून नुसतं त्वरणाचं चिन्ह पाहून निर्णय देऊ नका, दोन्ही चिन्हं शेजारी ठेवून पाहा.

आता वर फेकलेला चेंडू. माझ्या मते या अख्ख्या विषयाची खरी परीक्षा या एका चेंडूत आहे. सेकंदाला १९.६ मीटरनं सरळ वर फेका; वरची दिशा धन. हवेचा अडथळा सोडून दिला तर १ सेकंदानं वेग ९.८, २ सेकंदांनी शून्य, ३ सेकंदांनी उणे ९.८, ४ सेकंदांनी उणे १९.६ आणि चेंडू हातात. गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला ९.८ कमी होतात, चढताना, माथ्यावर आणि उतरतानाही. माथ्यावर चेंडू क्षणभर थांबतो, तिथं वेग शून्य. पण त्वरण शून्य नाही, ते खालच्या दिशेनं ९.८ च आहे. तिथं त्वरणही शून्य झालं असतं तर चेंडू हवेत तसाच लटकून राहिला असता, कारण शून्य वेग बदलायला कुणीच उरलं नसतं. हे वाक्य स्वतःच्या शब्दांत एखाद्या धाकट्या भावाला समजावून सांगा. त्याला पटलं तर तुम्हाला कळलं.

वेगात दिशाही आहे, म्हणून नुसती दिशा बदलली तरी वेग बदलतो आणि त्वरण असतं. कन्नडच्या घाटातून चाळीसगावकडे उतरताना वळणावर ड्रायव्हरनं काटा ३६ वर स्थिर ठेवला, तरी आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो. चाल तीच, पण वेग वळतोय, आणि तो वळवणारं त्वरण वळणाच्या आत, मध्याकडे आहे. आपलं शरीर सरळ जायला बघतं, गाडी आत वळते, म्हणून बाहेर फेकलं गेल्यासारखं वाटतं. हे त्वरण चालीचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या एवढं असतं. त्रिज्या २५ मीटर धरली तर ताशी ३६ ला, म्हणजे सेकंदाला १० मीटरला, ते ४ भरतं. तेच वळण ताशी ५४ नं घेतलं तर २२५ भागिले २५, म्हणजे ९. चाल दीडपट केली, त्वरण सव्वादोन पट झालं, आणि सपाट डांबरावर एवढं त्वरण पेलायची टायरची पकड सहसा नसते. घाटातल्या पाट्यांवर आकडे इतके लहान का असतात, ते या भागाकारात आहे. माळेगावच्या यात्रेतला पाळणा एकसारखा फिरत असतो तेव्हाही त्यात बसलेल्या प्रत्येकाला सतत त्वरण असतं.

त्वरण ही केवळ परीक्षेची राशी नाही, हे लातूर-धाराशिवच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. जमीन क्षणात एका बाजूला, क्षणात दुसऱ्या बाजूला हलते, म्हणजे तिचा वेग झपाट्यानं बदलतो. घराचा पाया जमिनीबरोबर जातो, वरचं वजन मात्र मागे राहू पाहतं. त्या वजनाला सोबत ओढायला लागणारं बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. आपल्याकडची जुनी घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच वजन त्या पहाटे घातक ठरलं: वस्तुमान मोठं, म्हणून तेवढ्याच त्वरणाला बलही मोठं, आणि मातीत बसवलेल्या दगडांना ते पेलण्याची ताकद नव्हती. म्हणूनच भूकंपाचा हिशेब धरून इमारत बांधताना अभियंते जमिनीचं त्वरण किती असू शकेल हे आधी पाहतात आणि ते गुरुत्व त्वरणाच्या, म्हणजे चेंडूच्या त्या ९.८ च्या, पटीत मोजतात.

पायरी ५: त्वरण डोळ्यांनी पाहा

प्रयोगशाळा नसली तरी चालेल. शेतावरच्या पाइपलाइनचा पीव्हीसी पाइपाचा सरळ तुकडा मिळतोच. तीन मीटरचा घ्या आणि मोठ्या माणसाकडून तो लांबीत उभा चिरून घ्या, म्हणजे पन्हाळ तयार होते. एक टोक १५ सेंटीमीटर उचलून विटेवर ठेवा, मधे पोक येऊ नये म्हणून खाली आधार द्या. वरच्या टोकापासून ७० सेंटीमीटर आणि २८० सेंटीमीटरवर पेननं खुणा करा. काचेची गोटी वरून सोडा. ढकलू नका, नुसतं बोट काढा. मोबाइलच्या स्टॉपवॉचनं दोन्ही खुणांपर्यंतचा वेळ मोजा, प्रत्येक मापन पाच वेळा, आणि सरासरी घ्या.

अंतर चौपट आहे, पण वेळ चौपट लागणार नाही. वेळ दुप्पट लागेल: पहिल्या खुणेला साधारण २ सेकंद, दुसरीला साधारण ४. घर्षणानं थोडं इकडेतिकडे होईल. यावरून त्वरण काढा: दुप्पट अंतर भागिले काळाचा वर्ग. २.८ मीटरची दुप्पट ५.६, भागिले १६, उत्तर ०.३५ मीटर प्रति सेकंद वर्ग. ७० सेंटीमीटरच्या खुणेवरूनही १.४ भागिले ४, तेच ०.३५. दोन वेगळ्या खुणांवरून एकच आकडा येणं, याचा अर्थ त्वरण पूर्ण उतारभर स्थिर आहे.

गॅलिलिओनं हेच केलं. त्याच्याकडे सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं. लाकडात कोरलेल्या गुळगुळीत खाचेतून तो कांस्याचा गोळा सोडायचा आणि भांड्यातून बारीक धारेनं पडलेलं पाणी तोलून वेळ काढायचा. सरळ खाली पडणारी वस्तू इतकी झपाट्यानं जाते की तेव्हाच्या साधनांनी ती मोजणं अशक्य होतं. उतारावर तेच त्वरण पातळ करून त्यानं ते मोजण्याजोगं केलं. १६३८ मध्ये छापलेल्या त्याच्या निष्कर्षांत हा नियम आहे: पहिल्या सेकंदात जेवढं अंतर, दुसऱ्यात त्याच्या ३ पट, तिसऱ्यात ५ पट, चौथ्यात ७ पट. आपल्या पन्हाळीवर हे साडेसतरा, साडेबावन्न, साडेसत्त्याऐंशी आणि एकशे साडेबावीस सेंटीमीटर. बेरीज करून पाहा, २८० येते.

उतार नसेल, वस्तू मोकळी पडत असेल, तर त्वरण ९.८. कोरड्या विहिरीत खडा टाकून ‘टप्’ ऐकू येईपर्यंत २ सेकंद लागले, तर खोली ४.९ गुणिले ४, म्हणजे १९.६ मीटर, सुमारे ६४ फूट. आवाज वर यायला लागणारा वेळ एवढ्या खोलीला सेकंदाच्या सतराव्या भागाइतका, सोडून दिला तरी चालतो. कठडा नसलेल्या विहिरीवर हा प्रयोग करायचा नाही, आणि कठडा असला तरी वाकायचं नाही.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप घ्यावं. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं ते बनवलं आहे आणि फोनमधला त्वरणमापक त्यात थेट वाचता येतो. गुरुत्वाशिवायचं त्वरण निवडा, फोन एसटीच्या सीटवर सपाट ठेवा, आलेख पाहा. गाडी सुटताना एका बाजूला उंचवटा, ब्रेकला उलट्या बाजूला, आणि सरळ सपाट रस्त्यावर एकसारखी धावताना, हादरे सोडले तर, रेषा शून्याभोवती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या फोनवर उमटलेलं असेल.

पायरी ६: आलेख

एकच आलेख नीट शिका, वेग-काळ आलेख. आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर वेग. करमाडच्या थांब्यावरून एसटी सुटली: २० सेकंदांत शून्यावरून २० मीटर प्रति सेकंद, मग ६० सेकंद तोच वेग, मग १० सेकंदांत थांबली. रेषा आधी तिरपी वर, मग आडवी, मग तिरपी खाली.

रेषेचा चढ म्हणजे त्वरण: पहिल्या भागात १, मधे शून्य, शेवटी उणे २. रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन: पहिला त्रिकोण २०० मीटर, आयत १२००, शेवटचा त्रिकोण १००, एकूण १५०० मीटर. इथं सूत्र एकही लागलं नाही. गणित अडलं की आधी हा आलेख काढा. त्वरण स्थिर असलेलं नववी-दहावीचं सरळ रेषेतलं गणित यावर सुटतं.

पायरी ७: आता सूत्रं

तिन्ही सूत्रं त्याच आलेखातून निघतात. पुस्तकात ती यू, व्ही, ए, टी, एस या अक्षरांत असतात, शब्दांत अशी:

अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ

विस्थापन = सुरुवातीचा वेग × काळ + ½ × त्वरण × काळाचा वर्ग

अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन

ती चालतात फक्त त्वरण स्थिर असेल तेव्हाच. कोणतं वापरायचं? दिलेल्या गोष्टी आणि विचारलेली गोष्ट लिहून काढा. काळ दिलेलाही नाही आणि विचारलेलाही नाही, तर तिसरं. ‘स्थिर अवस्थेतून’ वाचलं की सुरुवातीचा वेग शून्य, ‘थांबली’ वाचलं की अंतिम वेग शून्य.

हे एक गणित पूर्ण सोडवू, कारण ते प्रत्येक गाळप हंगामात आपल्या रस्त्यांवर घडतं. रात्रीची वेळ, रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली रस्त्यात उभी आहे आणि डिपरच्या उजेडात ती ५० मीटरवर दिसली असं धरा. दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत १ सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगानं पुढे जाते. ब्रेक लागल्यावर त्वरण उणे ५.

ताशी ५४, म्हणजे सेकंदाला १५ मीटर: पहिल्या सेकंदात १५ मीटर गेले, ब्रेकखाली २२५ भागिले १०, म्हणजे २२.५ मीटर. एकूण ३७.५. गाडी ट्रॉलीच्या साडेबारा मीटर आधी थांबते.

ताशी ७२, सेकंदाला २० मीटर: पहिल्या सेकंदात २० गेले, ट्रॉली आता ३० मीटरवर. तिसरं सूत्र: ४०० वजा २ गुणिले ५ गुणिले ३०, उरले १००. वर्गमूळ १०. गाडी सेकंदाला १० मीटरनं, म्हणजे ताशी ३६ नं, ट्रॉलीवर आदळते.

ताशी ९०, सेकंदाला २५ मीटर: २५ मीटर विचारातच गेले, उरले २५. ६२५ वजा २५०, म्हणजे ३७५. वर्गमूळ सुमारे १९.४. धडक ताशी ७० च्या आसपास.

५४ आणि ९० यांत फरक ३६ चा. पहिल्यात काचही तडकत नाही, दुसऱ्यात ताशी ७० ची धडक. वर्गामुळे हे होतं. वेग दुप्पट झाला की ब्रेकखालचं अंतर चौपट होतं.

आता पावसाळी रस्ता घ्या, टायरची पकड निम्मी, त्वरण उणे २.५, बाकी सगळं तेच, आणि वेग ताशी ५४. वहीत सोडवा. पहिल्या सेकंदानंतर ३५ मीटर उरतात. २२५ वजा १७५ म्हणजे ५०, वर्गमूळ सुमारे ७.१. कोरड्या रस्त्यावर थांबलेली तीच गाडी ओल्या रस्त्यावर ताशी साधारण २५ नं आदळते. मग ५० मीटरच्या आत थांबायचं तर ओल्या रस्त्यावर वेग जास्तीत जास्त किती हवा? ताशी ४५, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर घेऊन पाहा: १२.५ अधिक १५६.२५ भागिले ५, एकूण ४३.७५ मीटर. बसलं. ४८ घेतलं तर? तिथून पुढचे आकडे तुमचे.